५.६ गिगाहर्ट्झच्या आधी: सांगलीतल्या एका एडिटिंग पीसीची जोडणी

सांगलीच्या गावभागात लग्नाचं फोटो-व्हिडिओ शूटिंग करणारा एक स्टुडिओ आहे. वडील कॅमेरा सांभाळतात आणि इंजिनिअरिंगला असलेला मुलगा रात्री आणि सुट्टीत एडिटिंगला बसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी मला नवा पीसी जोडून द्यायला सांगितलं. मुलाची यादी तयारच होती: इंटेल कोअर आय५ १४६००के प्रोसेसर, झेड७९० मदरबोर्ड, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर. यादीच्या तळाशी पेनाने दोनदा अधोरेखित केलं होतं, 'सगळे परफॉर्मन्स कोअर ५.६ गिगाहर्ट्झवर', म्हणजे प्रोसेसरचे जड काम करणारे मुख्य भाग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने. वडिलांची मागणी एका वाक्याची होती: "मे महिन्यात मशीन अडलं नाही पाहिजे बघा."

बजेट एक लाखाच्या आसपास होतं. ग्राफिक्स कार्ड जुन्या पीसीतलंच वापरायचं ठरलं होतं. मुलाची इच्छा आणि वडिलांची अट एकाच मशीनमध्ये बसते का, हे या कामात तपासायचं होतं. त्याची सगळी हकीकत इथे मांडतो आहे, कारण आपल्याकडे ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याची, चर्चा थेट बायोस (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडण्यापासून सुरू होते. माझं मत असं, की तिची सुरुवात खोली, प्लग आणि कॅमेऱ्यातून येणारी फाइल या तीन गोष्टींपासून व्हायला हवी. क्लॉकचा, म्हणजे गिगाहर्ट्झच्या आकड्याचा, नंबर त्यानंतर लागतो.

दुखणं नक्की कुठे होतं

जुना पीसी आय७ ७७०० चा, म्हणजे २०१७ च्या पिढीचा. त्यात १६ जीबी रॅम आणि नंतर बसवलेलं आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी कार्ड होतं. सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते. त्यामुळे मशीन आज ना उद्या बदलावंच लागलं असतं. पण घाई त्यामुळे नव्हती. प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन चालवली की चित्र अडखळायचं, प्रत्येक कट लावताना थांबावं लागायचं आणि आधी प्रॉक्सी फाइल, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवण्यात रात्र जायची.

"प्रोसेसर जुना झाला" असं सगळ्यांनीच सांगितलं होतं. ते निम्मं खरं होतं. टाइमलाइन चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि ग्राफिक्स कार्डच्या 'व्हिडिओ डिकोड'च्या आलेखात काहीच हालचाल नाही. म्हणजे फाइल उलगडण्याचं (डिकोड करण्याचं) सगळं ओझं चार कोअरवर पडत होतं आणि त्याच कामासाठी कार्डात असलेलं सर्किट रिकामं बसलं होतं.

कारण कॅमेऱ्यात होतं. त्यांच्याकडे सोनीचा ए७ फोर आहे आणि शूटिंग फोर-के, ५० फ्रेम, १०-बिट ४:२:२ वर चालतं. हे आकडे रंगाची माहिती किती साठवायची ते सांगतात: ४:२:० मध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या पाव पटीने साठवली जाते, ४:२:२ मध्ये निम्म्याने. हळदीचा पिवळा, शालूचा लाल, मांडवातले रंगीत दिवे या सगळ्याचं कलर करेक्शन करताना हा फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून वडील ४:२:२ सोडायला तयार नव्हते. ते बरोबरच आहे. अडचण एवढीच, की एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांना ४:२:२ उलगडता येत नाही. ते ५० मालिकेपासून जमतं आणि ती मालिका जानेवारी २०२५ मध्ये नुकतीच, तीही महागड्या कार्डांपासून, सुरू झाली होती. जुन्या आय७ मधल्या ग्राफिक्सलाही ते येत नव्हतं.

इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांमधलं अंगचं ग्राफिक्स मात्र एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीतलं १०-बिट ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतं. आय५ १४६००के मधल्या यूएचडी ७७० मध्ये ही सोय आहे. मुलाने निवडलेला प्रोसेसर योग्यच होता, फक्त त्याने तो वेगळ्या कारणासाठी निवडला होता. दुकानदाराने थोड्या कमी किमतीत १४६००केएफ देऊ केला होता. नावातल्या त्या 'एफ'चा अर्थ अंगचं ग्राफिक्स बंद. तो घेतला असता तर जे काम करून घ्यायचं होतं तेच हातचं गेलं असतं.

यात आणखी एक खाच आहे. इंटेलचं हे सर्किट एच.२६५ चं ४:२:२ उलगडतं, एच.२६४ चं उलगडत नाही. सोनीच्या मेनूत एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५. स्टुडिओत सवयीने एक्सएव्हीसी एस चालू होतं. कॅमेऱ्यात एक पर्याय बदलला आणि यापुढचं सगळं शूटिंग हार्डवेअरवर उलगडण्याजोगं झालं. या एका बदलाने एडिटिंगला जो वेग आला, तो कोणत्याही ओव्हरक्लॉकने आला नसता. मुलाला हे पटायला वेळ लागला. ते साहजिकच आहे, कॅमेऱ्याचा मेनू हा संगणकाच्या वेगाचा भाग आहे असं आपण धरत नाही.

एएमडीचा विचार मी गंभीरपणे केला होता. रायझन ७ ७७०० हा ६५ वॉटचा, आठ कोअरचा प्रोसेसर उन्हाळ्यासाठी जास्त सोयीचा आहे आणि एएम५ सॉकेटवर पुढे प्रोसेसर बदलण्याची वाटही मोकळी राहते. स्टुडिओ ४:२:० वर शूट करत असता तर मी तोच घ्यायला लावला असता. पण त्याच्या अंगच्या ग्राफिक्सला ४:२:२ येत नाही, आणि इथे प्रश्न तिथेच सुटत होता.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीची दुसरी बाजू मी वडिलांना आधीच सांगितली. या पिढ्यांच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन चिप हळूहळू कमजोर होते, हे कंपनीने २०२४ मध्ये स्वतः मान्य केलं. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्त मायक्रोकोड (बायोसमधून चिपला मिळणारा आतला प्रोग्रॅम) आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. त्यामुळे दोन अटी घातल्या: प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आणि पक्क्या बिलावर घ्यायचा, आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी मदरबोर्डवर नवा बायोस टाकायचा. म्हणून बोर्ड निवडताना प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायोस टाकता येणारं बटण असलेला घेतला.

खोली

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग पाण्याखाली होता. त्यानंतर या घराने एडिटिंगची खोली तळमजल्यावरून सगळ्यात वरच्या मजल्यावर नेली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात आलं तेव्हा त्या निर्णयामुळे हार्ड डिस्क वाचल्या. पण वरचा मजला म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. एप्रिलमध्ये दुपारी त्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या थर्मामीटरने ३८ अंश दाखवले. सकाळी लवकर तीच खोली २६ अंशांवर होती.

कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो चिपची उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत सोडतो. ठरावीक वॉटच्या भाराला चिप खोलीपेक्षा किती अंश वर राहील, हे कूलर ठरवतो. खोली स्वतः किती अंशांवर आहे, हे स्लॅब ठरवतो. हे दोन आकडे सरळ बेरजेत येतात. ओव्हरक्लॉकिंगचे जे व्हिडिओ मुलाने पाहिले होते ते २० ते २२ अंशांच्या खोलीत केलेले होते. तिथे दिसलेल्या प्रत्येक तापमानात गावभागातल्या दुपारचे १६ ते १८ अंश मिळवायला हवेत. आय५ १४६००के १०० अंशांना पोचला की स्वतःचा वेग उतरवतो, म्हणजे मोकळी जागा मुळातच कमी.

शिवाय लग्नसराई आणि कडक ऊन एकाच वेळी येतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पण कामाचा खरा ढीग एप्रिल-मे मध्ये साचतो. ज्या आठवड्यांत मशीन सगळ्यात जास्त चालणार, त्याच आठवड्यांत खोली सगळ्यात तापलेली असणार.

म्हणून लिक्विड कूलरसाठी काढून ठेवलेले पैसे मी दुसरीकडे वळवले. दोन टॉवरचा, १२० मिलिमीटरच्या दोन पंख्यांचा एअर कूलर घेतला. उरलेल्या रकमेतून गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावला आणि खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवला. दुपारचं तापमान ३५ च्या आसपास आलं. २०० वॉटच्या वर ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर नक्कीच सरस ठरतो, हे मान्य करायला हवं. पण खोलीच तीन अंश थंड झाली तर त्याचा फायदा प्रोसेसर, कार्ड, रॅम, एसएसडी आणि खुर्चीवर बसलेला मुलगा, या सगळ्यांना होतो.

प्लग

जुन्या पीसीच्या पेटीला हात लावला की मुंग्या यायच्या. घरातल्या लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की ते चपला घालून बसायचे. पॉवर सप्लायच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पेटीकडे जोडलेले असतात. अर्थिंग असलं तर त्यांतून गळणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसलं तर पेटी मधल्याच व्होल्टेजवर, साधारण ११० व्होल्टच्या आसपास तरंगत राहते आणि तो प्रवाह हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. वायरमनने प्लग उघडला तर तिसऱ्या पिनला वायरच नव्हती. जुन्या वाड्याचं वायरिंग दोन तारांचं आणि नवे तीन पिनांचे बोर्ड नुसते वरून बसवलेले.

मागच्या अंगणात खड्डा घेऊन इलेक्ट्रोड, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं, वरच्या खोलीपर्यंत जाड हिरवी वायर आणली आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की सर्किट तोडणारा स्विच, लावला. त्यानंतरच मी जोडणीची तारीख दिली. कुणाला हा उशीर वाटेल, पण ज्या घरात अर्थिंग नाही तिथे मी हजारोंचे सुटे भाग खोक्यातून बाहेरसुद्धा काढत नाही. बोटांवरची स्थिर वीज उतरवायला आपण ज्या पेटीला हात लावतो, तीच जमिनीला जोडलेली नसेल तर त्या हात लावण्याला काही अर्थ उरत नाही.

वडिलांना स्टॅबिलायझरही हवा होता. त्याची गरज नव्हती. आजचे बहुतेक चांगले पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे संध्याकाळी दाब उतरला तरी पीसीला फरक पडत नाही. घात होतो तो वीज अचानक गेल्यावर, कारण तेव्हा फाइल लिहिणं अर्ध्यात तुटतं. जुना यूपीएस ६०० व्हीएचा होता आणि त्याच्या मागे ३६० वॉट असा आकडा छापलेला होता. खरेदीला जाताना लोक व्हीए वाचतात आणि वॉट सोडून देतात. नव्या मशीनचा हिशेब असा: प्रोसेसर जास्तीत जास्त १८१ वॉट, कार्ड १७०, बाकी सगळं ६०, त्यावर पॉवर सप्लायमधली घट आणि दोन मॉनिटर. भर कामात बेरीज ५०० च्या पुढे जाते. जुना यूपीएस वीज गेल्या क्षणी बसला असता. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात आणि अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेले काही पॉवर सप्लाय त्या लाटेवर बंद पडतात. म्हणून १.५ केव्हीएचा, शुद्ध साइन लाटेचा यूपीएस घेतला. पॉवर सप्लाय ६५० वॉटचा, ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या दर्जाचा.

खरेदी आणि जोडणी

बाकीच्या खरेदीबद्दल थोडक्यात. रॅम ३२ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६०००. चार पट्ट्या लावल्या तर डीडीआर५ चा वेग खाली आणावा लागतो, म्हणून १६ च्या चार घेतल्या नाहीत. एनव्हीएमई एसएसडी दोन: एकावर विंडोज आणि प्रीमिअर, दुसऱ्यावर चालू काम आणि कॅश. पेटी समोरून जाळीची, धुळीची गाळणी काढून धुता येईल अशी. झेड७९० बोर्ड ठेवला, कारण बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येत असला तरी प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे क्लॉक ठरवणारा गुणक, बंद असतो आणि व्होल्टेजवरचा ताबाही तोकडा. पुढे कळेल की त्या बोर्डाचे पैसे व्होल्टेज कमी करण्यासाठी वसूल झाले.

मुलालाच जोडायला बसवलं, मी शेजारी होतो. आधी पेटीबाहेर, बोर्डच्याच खोक्यावर प्रोसेसर, एक रॅम आणि कूलर एवढंच लावून चालू करून पाहिलं. बिघाड असेल तर तो इथेच सापडतो, सगळे स्क्रू आवळल्यावर शोधायची वेळ येत नाही. प्रोसेसर बसतो त्या एलजीए१७०० सॉकेटची मूळ पकड लांबट प्रोसेसरला मधोमध दाबते आणि त्याची पाठ किंचित वाकते, त्यामुळे कूलर सपाट टेकत नाही. त्याऐवजी काही शे रुपयांची काँटॅक्ट फ्रेम बसवली. तिचे चारही स्क्रू अगदी हलक्या हाताने, समान आवळावे लागतात. जास्त आवळले तर रॅम ओळखली जात नाही.

बायोसमध्ये पहिल्यांदा जी गोष्ट बदलली तिचा क्लॉकशी संबंध नव्हता. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच बोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. ते सक्तीने चालू ठेवणारा पर्याय निवडला, विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर टाकला आणि प्रीमिअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलवर खूण केली. टास्क मॅनेजरमध्ये यूएचडी ७७० चा डिकोडचा आलेख वर चढला आणि फोर-केची टाइमलाइन प्रॉक्सीशिवाय सरळ चालली. मुलगा बराच वेळ मागे-पुढे ओढून बघत होता.

आता ओव्हरक्लॉकिंग

त्याने विचारलं, "काका, मग ५.६ करायचंच नाही का?" करायचं, पण मोजत. माझ्या पिढीने ओव्हरक्लॉकिंग ज्या दिवसांत ऐकलं ते दिवस वेगळे होते. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्यायचा, बोर्डची बस (मूळ क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर न्यायची आणि साडेचारच्या मल्टिप्लायरने ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. दीडपट वेग, तोही फुकट. ती फट आता कंपन्यांनीच बुजवली आहे. टर्बो बूस्टच्या नावाखाली चिप कारखान्यातूनच कडेपर्यंत ताणलेली येते. आय५ १४६००के चे परफॉर्मन्स कोअर मुळातच ५.३ वर जातात. ५.६ म्हणजे साडेपाच-सहा टक्के वाढ.

त्याची किंमत विजेच्या सूत्रात दिसते. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. या चिपला भाराखाली ५.३ साठी १.२२ व्होल्ट पुरत होते, ५.६ स्थिर राहायला १.३३ लागले. गुणाकार केला तर क्लॉक पावणेसहा टक्के वर आणि वीज पंचवीस टक्के वर. १८१ वॉटचे साधारण २२७ वॉट होतात.

तापमानाने हे गणित तंतोतंत पाळलं. प्राइम९५ या चाचणीच्या प्रोग्रॅमच्या जड भारात, सलग १८१ वॉट देऊन, चिप खोलीपेक्षा ६० अंश वर राहत होती. सकाळच्या २६ अंशांच्या खोलीत ८६. रंगाआधीची ३८ अंशांची दुपार असती तर ९८, म्हणजे मूळ क्लॉकवरच मर्यादेला टेकली असती. २२७ वॉटला हा फरक ७५ अंश होतो. सकाळच्या गारव्यातही बेरीज १०० च्या वर गेली आणि चिपने स्वतःचा वेग उतरवायला सुरुवात केली. दुपारी तर ५.६ वर लावलेलं मशीन भाराखाली मूळ ५.३ च्याही खाली घसरत होतं. सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका छोट्या फेरीत आकडा वाढलेला दिसायचा, पण दहा मिनिटांची सलग फेरी लावली की तो विरून जायचा.

मला जास्त महत्त्वाचं वाटलेलं निरीक्षण वेगळं आहे. हळदीच्या कार्यक्रमाच्या एकाच प्रोजेक्टची प्रत ५.३ वर आणि ५.६ वर, दोन्ही वेळा सकाळी, एक्स्पोर्ट केली. लागलेल्या वेळेत दखल घ्यावी असा फरक आला नाही. फाइल उलगडणं अंगच्या ग्राफिक्सवर, नवी फाइल बनवणं आरटीएक्स कार्डावर आणि प्रोसेसर मधल्या कामात निम्माही भरत नव्हता. जिथे ताण नाही तिथे वेग वाढवून काय मिळणार? थ्री-डी रेंडर करणाऱ्याला किंवा मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणाऱ्याला या सहा टक्क्यांचा उपयोग होईल. या स्टुडिओला होणार नव्हता.

इथून आम्ही दिशा उलटी केली. क्लॉक ५.३ वरच ठेवून व्होल्टेज थोडं थोडं उतरवत गेलो. कारखान्यात प्रत्येक चिपला सावधगिरीने थोडं जास्त व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं, आणि चांगली चिप त्याहून कमीवर चालते. उणे ०.०७ व्होल्टपर्यंत ती सगळ्या चाचण्यांत टिकली. तेवढ्याने १८१ वॉटचं काम १६० च्या आसपास आलं आणि खोलीपासूनचा फरक ५३ अंशांवर उतरला.

यात एक सापळा आहे, तो नीट समजून घ्यावा. व्होल्टेज उतरवल्यावर या बोर्डांवरचं करंट एक्सकर्शन प्रोटेक्शन जागं होऊ शकतं. मग मॉनिटरवर ५.३ दिसत राहतं, पण चिप आतल्या आत कमी काम करते. त्यामुळे प्रत्येक पायरीला फक्त क्लॉक आणि तापमान बघून भागत नाही, सिनेबेंचचा स्कोअर पण जुळवावा लागतो. आमचा स्कोअर एका टप्प्यावर घसरला तेव्हा ते संरक्षण बंद केलं आणि तो पूर्ववत झाला. हे बंद करण्याची मोकळीक झेड७९० वर मिळते.

कमी व्होल्टेजचं मशीन जड भारात टिकलं म्हणून पास झालं असंही नसतं. अनेकदा ते रिकामं बसलेलं असताना, किंवा एकच कोअर अचानक उचल घेताना कोसळतं. म्हणून प्राइम९५ आणि ओसीसीटी या जड चाचण्या झाल्यावर मुलाने काही दिवस प्रोजेक्टच्या प्रतींवर नेहमीचं एडिटिंग केलं आणि रोज विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ' नावाच्या हार्डवेअर चुकांची नोंद तपासली. एकही आली नाही.

रॅमने दिलेला धडा

रॅमसाठी एक्सएमपी, म्हणजे तिच्या कंपनीने आधीच भरून दिलेलं वेगाचं, प्रोफाइल चालू करून ६००० चा वेग घेतला. इंटेलने या प्रोसेसरला अधिकृतपणे ५६०० पर्यंतच हमी दिली आहे, म्हणजे एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. लोक ते बटण दाबून विसरतात. मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवली, एकही चूक नाही.

मग मुलाने स्वतः वाचून टीआरईएफआय हा आकडा कमाल केला. रॅमच्या पेशींतला विजेचा भार गळत असतो, तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. हा आकडा म्हणजे दोन भरण्यांमधलं अंतर. अंतर वाढवलं की रॅमचा वेळ वाचतो आणि वेग मिळतो. रात्रीच्या चाचणीत सगळं स्वच्छ होतं. मी तीच चाचणी दुपारी, कार्डावरही भार टाकून लावायला सांगितली. पेशी तापल्या की भार लवकर गळतो. दुपारी चुका आल्या.

त्या चुका पाहून घरातलं वातावरण बदललं. मशीन बंद पडलं तर कळतं. रॅममध्ये एखादा बिट उलटला तर काहीच कळत नाही, फक्त कॉपी केलेल्या फाइलमध्ये कुठेतरी एक फ्रेम फाटते किंवा प्रोजेक्ट उघडत नाही, आणि तोवर कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट झालेलं असतं. कन्यादान पुन्हा शूट करता येत नाही. वडील एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या घरचं कार्य आहे ते." टीआरईएफआय मूळ जागी गेला. ६००० चा एक्सएमपी दुपारच्या त्याच चाचणीत टिकला, म्हणून ठेवला.

शेवटी काय लावलं

परफॉर्मन्स कोअर ५.३ वर, व्होल्टेज उणे ०.०५. टिकलेल्या मर्यादेपासून मुद्दाम एक पाऊल मागे, कारण चिप जुनी होत जाते आणि पुढचा मे याहून कडक असू शकतो. वीज सलग १५० वॉटवर बांधली. या हिशेबाने ३५ अंशांच्या दुपारी जड भारातही चिप ८५ च्या पुढे जात नाही, आणि रोजच्या एडिटिंगमध्ये त्याच्या बरीच खाली असते. पंख्यांचा आवाज कमी झाल्यामुळे आवाजाचं मिक्सिंगही त्याच खोलीत करता यायला लागलं, हा फायदा कुणी गृहीत धरला नव्हता.

मुलाचं ५.६ बाजूला पडलं, पण त्याचा उत्साह मला मारायचा नव्हता. बायोसमध्ये ५.५ चं दुसरं प्रोफाइल साठवून ठेवलं आहे. डिसेंबर-जानेवारीत खोली २२-२४ अंशांवर असते, तेव्हा भाराखाली साधारण ९२ अंशांत ते बसायला हवं. ते त्याच्या कॉलेजच्या कामासाठी आणि प्रयोगांसाठी. अट एकच, त्या प्रोफाइलवर असताना गिऱ्हाइकाच्या फाइलची ड्राइव्ह जोडायची नाही. ही अट त्याने स्वतः सुचवली.

एप्रिल-मेची सराई या मशीनवर पार पडली. मधे वीज अनेकदा गेली, यूपीएसने काम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ प्रत्येक वेळी दिला. गाळणी दर पंधरवड्याला धुतली जाते. थर्मल पेस्ट पुढच्या मार्चमध्ये, ऊन चढायच्या आधी बदलायची आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मोठ्या लग्नांना वडील बाहेरून दुसरा कॅमेरामन बोलावतात आणि त्याच्या कॅमेऱ्यातून एच.२६४ मधलं ४:२:२ येतं. ते इंटेलच्या सर्किटला उलगडत नाही, त्यामुळे त्या फाइलींसाठी आजही प्रॉक्सी बनवाव्या लागतात. ५० मालिकेचं कार्ड घेतलं तर ते हार्डवेअरवर जाईल. तोपर्यंत मुलाने एका कागदावर कॅमेऱ्याचं सेटिंग लिहून ठेवलं आहे आणि बाहेरचा कॅमेरामन ठरला की सुपारी देतानाच तो कागद त्याच्या हातात जातो.